एचआयव्हीचा व्हायरल लोड ‘सापडत नाही’ म्हणजे जोडीदाराला लागण होत नाही, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं का?

गोदाकाठचा

सरळ प्रश्नच विचारतो. इथे जे पॉझिटिव्ह आहेत, किंवा ज्यांच्या घरात कुणी आहे, त्यांना एआरटी सेंटरवर (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) किंवा खासगी डॉक्टरकडे कुणी समोर बसवून हे सांगितलं का, की गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि खालीच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही? ‘धोका कमी होतो’ असं नाही. जात नाही.

मी नाशिकचाच. गोळ्या सुरू होऊन दहा वर्षं कधीच उलटली. माझे सीडी फोरचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचे, आकडे मला तोंडपाठ आहेत, पहिल्या दिवसापासूनचे. गोळी चुकवू नका, दारू नको, कंडोम वापरा, अंडी खा, हे सगळं दर वेळी ऐकलं. पण वरची गोष्ट मला कळली ती सेंटरच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या पेठकडच्या एका पोराकडून. त्याला ती त्याच्या मोबाइलवर कळली होती. घरी येऊन फाइल उघडली तर गेली कित्येक वर्षं रिपोर्टवर तेच लिहिलेलं, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, विषाणू सापडला नाही. म्हणजे कागद माझ्याच कपाटात होता.

बायको निगेटिव्ह आहे. इतकी वर्षं आम्ही एका घरात भाडेकरूंसारखे राहिलो. सेंटरचं नाव घेणार नाही, तिथल्या लोकांनीच मला जिवंत ठेवलंय. पण राग येतो. तुमचा अनुभव लिहा.

तर्रीवाला

मला फक्त ‘अंडी खा’ एवढं नीट समजावून सांगितलं होतं. मी खात नाही म्हटल्यावर दोन मिनिटं दोघंही गप्प. मग म्हणाले, बरं, मटकी खा. ते मात्र मनापासून पाळतोय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कुणीच नाही.

निफाडची_लेक

दादा, तुमच्या बायकोचा विचार करून तरी कुणीतरी सांगायला हवं होतं. माझ्याबाबतीत सांगायची गरजच कुणाला वाटली नाही. नवरा गेला तेव्हा मी सव्वीसची होते. विधवा बाई, तिला कसले आलेत संबंध, असं समोरच्याच्या डोक्यात पक्कं असतं. मला कंडोमबद्दलही कधी कुणी काही विचारलं नाही. ‘मुलाची तपासणी केली ना? गोळ्या घेताय ना? या.’

मला हे कळलं आमच्या गटातल्या बायकांच्या बैठकीत. एकीने विचारलं, मग आता लग्न केलं तर चालेल का? सगळ्या हसल्या. आणि नंतर प्रत्येकीने बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला.

शंकेखोर

धागाकर्त्याच्या भावना समजू शकतो, पण ‘जात नाही’ हे फार ठाम विधान आहे. वैद्यकशास्त्रात शून्य असं काही नसतं. असे धागे वाचून लोक उद्यापासून बिनधास्त झाले तर जबाबदार कोण? कुठे सिद्ध झालंय हे?

सलाइनची_बाटली

मी डॉक्टर आहे, एचआयव्ही हा माझा मुख्य विषय नाही, पण जिल्ह्यात काम करताना पेशंट नेहमी येतात. शंकेखोर, शंका घेणं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मोठा अभ्यास एचपीटीएन ०५२. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह. भारतातलीही होती, पुण्यातल्या भोसरीच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेत आणि चेन्नईत. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना सीडी फोर खाली आल्यावर, म्हणजे तेव्हाच्या प्रथेप्रमाणे. २०११ मध्ये मधला हिशेब पाहिला तेव्हा जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालेल्या २८ केसेस होत्या. त्यातल्या २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात, एक लगेच मिळालेल्या गटात. फरक इतका उघड होता की निकाल मुदतीआधीच जाहीर केले आणि मग सगळ्यांनाच औषध दिलं. पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांचा व्हायरल लोड स्थिरपणे दबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला गेल्याची एकही केस सापडली नाही.

मग युरोपातला ‘पार्टनर’ अभ्यास. यात जोडपी कंडोम न वापरणारीच घेतली होती. २०१६ मध्ये पहिला भाग आला: सुमारे ५८,००० वेळा कंडोमशिवाय संबंध, जोडीदाराकडून लागण शून्य. २०१९ मध्ये दुसरा भाग, ७८२ समलिंगी पुरुष जोडपी, सुमारे ७६,००० वेळा, पुन्हा शून्य. गंमत म्हणजे दुसऱ्या भागात १५ जणांना एचआयव्ही झाला. पण विषाणूची जनुकीय जुळणी केल्यावर कळलं की तो घरातल्या जोडीदाराचा नव्हताच.

आता ‘शून्य असं काही नसतं’ हे संख्याशास्त्र म्हणून मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट लिहिलं: विषाणू सापडत नसेल तर लैंगिक जोडीदाराला संसर्गाचा धोका शून्य. एक मिलिलिटर रक्तात हजारच्या आत, पण सापडतोय, तर धोका जवळजवळ शून्य. एवढ्यावर मी माझ्या पेशंटला ‘जात नाही’ असंच सांगतो.

तर्रीवाला

डॉक्टर, म्हणजे त्या पंधरा जणांचं बिंग संशोधकांनी फोडलं म्हणायचं!

सलाइनची_बाटली

नावं गुप्त असतात हो. 🙂 आणि त्या जोडप्यांपैकी बऱ्याच जणांनी बाहेरच्या संबंधांबद्दल प्रश्नावलीत स्वतःच लिहिलं होतं.

पूर्वाश्रमीची_ताई

मी काही वर्षं समुपदेशक होते, आता वेगळ्या क्षेत्रात आहे. गोदाकाठचा, तुमचा राग मला समजतो, पण दुसरी बाजू मांडते, कारण ती कुणी मांडत नाही.

एक, वेळ. सकाळी दार उघडायच्या आत सुरगाणा, कळवण, सटाणा अशा कुठून कुठून पहाटेच्या गाडीने निघालेली माणसं बाकड्यावर बसलेली असतात. त्यांना परतीची गाडी गाठायची असते. गोळ्या मोजायच्या, पेशंटच्या नोंदींचं हिरवं पुस्तक भरायचं, टीबीचे चार प्रश्न विचारायचे. शरीरसंबंधांवर निवांत बोलायला उरतात ती मोजून काही मिनिटं, आणि दाराबाहेर पुढचा माणूस खोकत उभा.

दोन, भीती. हो, भीती होती. सांगितलं तर लोक कंडोम सोडतील. आणि ही भीती हवेतली नव्हती. माझ्यासमोर एक बाई रडत म्हणाली, ‘मॅडम, ते म्हणतात तुमच्या मॅडमनेच सांगितलंय आता काही होत नाही.’ नवऱ्याचा रिपोर्ट काढून पाहिला तर विषाणू हजारांत. गडी महिन्यातून दहा दिवस गोळ्या घ्यायचाच नाही. त्याने अर्धंच वाक्य घरी नेलं होतं. ‘गोळ्या नियमित घेऊन’ हे सेंटरवरच ठेवून गेला.

बेडरूममध्ये निर्णय कोण घेतं हे बघितल्याशिवाय हा संदेश सरसकट वाटू नये, असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

निफाडची_लेक

ताई, तुमचं काम किती अवघड असतं ते बाकड्यावर बसून पाहिलंय. पण तुमच्या उदाहरणातून मी उलटा निष्कर्ष काढते. त्या बाईला आधीच कुणी सांगितलं असतं की नवऱ्याचा रिपोर्ट मागायचा, त्यावर आकडा असतो, तो किती असला पाहिजे, तर ती त्याला म्हणाली असती, कागद दाखव. तिच्याकडे प्रश्नच नव्हता विचारायला. पुरुष गैरफायदा घेतील म्हणून बाईला अज्ञानात ठेवायचं?

कॉलेज_रोडचा_पोऱ्या

+१ निफाडच्या ताईंना.

मी गे आहे, पॉझिटिव्ह आहे, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. आमच्यात ही गोष्ट बऱ्यापैकी माहीत असते. संस्थेची मुलं सांगतात, डेटिंग अॅपवर लोक प्रोफाइलमध्ये लिहितात. २०१६ पासून जगभर ‘यू इक्वल्स यू’ची, म्हणजे ‘सापडत नाही तर पसरत नाही’ची, मोहीम चालू आहे, त्याची चित्रं फोनवर फिरत असतात. पण हे शहरातलं, आणि इंग्रजीतलं. माझाच मामेभाऊ पॉझिटिव्ह आहे, त्याला मी सांगितलं तेव्हा म्हणाला, हे तुमच्या लोकांसाठी असेल, आमच्यासाठी वेगळं असेल. मी म्हटलं अरे, पहिला अभ्यास जवळपास सगळा नवरा-बायकोंवरच झालाय!

एक मात्र लिहितोच, कारण स्वतः भोगलंय. याने फक्त एचआयव्ही अडतो. सिफिलिस, गनोरिया, हिपॅटायटिस बी यांना तुमच्या व्हायरल लोडशी काही देणंघेणं नाही. मला सिफिलिस झाला होता. बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन कमरेवर घ्यावं लागतं. दोन दिवस बाइकवर बसता आलं नाही.

तर्रीवाला

आणि मूल राहणंही अडत नाही. तेही लिहा यादीत. अनुभवाचे बोल.

मालेगाव_मेल

तर्रीवाला, अभिनंदन की सांत्वन?

तर्रीवाला

मुलगी. चौथीत आहे. अभिनंदन स्वीकारतो. बायको निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह. त्या वेळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, सगळं देवाच्या भरवशावर. बायकोची तपासणी होईपर्यंत मला जेवण जायचं नाही. आज विचार करतो, रिपोर्ट नीट समजावला असता तर ते महिने तरी चैनीत गेले असते.

पिंपळगावची_बाग

थोडं अवांतर होईल, पण धाग्याशी संबंध आहे. नियमित गोळी म्हणजे नेमकं किती नियमित? ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मी पहाटे बागेत असतो, रात्री कधी आठला येतो कधी अकराला. रात्री नऊची गोळी कधी कधी दोन तास सरकते. याने तो लोड वर जातो का?

दुसरं म्हणजे पित्ताचा त्रास आहे, अँटासिडचं पातळ औषध चालू असतं.

सलाइनची_बाटली

दोन तासांनी काही बिघडत नाही. आठवल्याबरोबर घ्या. बिघडतं ते दिवसच्या दिवस सुटल्यावर, गोळ्या संपल्या आणि आठवडाभर सेंटरवर जाणं झालं नाही, असं झाल्यावर.

पण अँटासिडचं विचारलंत हे फार बरं केलंत. सध्याची एकच गोळी, टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर. यातल्या डोल्युटेग्राविरचं आणि अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडचं जमत नाही, ते औषध शरीरात नीट शोषू देत नाही. म्हणून गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, मात्र त्या जेवणासोबत एकत्र घेतल्या तर चालतात. गरोदर बायकांनी हे सेंटरवर विचारूनच ठरवावं, कारण त्यांना लोह-कॅल्शियम दोन्ही चालू असतं.

तुमची जेवणानंतर अँटासिड आणि लगेच नऊची गोळी अशी सवय असेल तर गोळीची वेळ बदलून घ्या.

पिंपळगावची_बाग

तशीच सवय आहे. बरं झालं विचारलं. उद्यापासून गोळी पहाटे, चहाबरोबर.

मालेगाव_मेल

सेंटरला जाण्यावरून आठवलं. एसटीत आपल्याला भाडं माफ आहे, माहीत आहे ना सगळ्यांना? दाखला दाखवावा लागतो.

निफाडची_लेक

माहीत आहे. दाखला घरी आहे. कंडक्टर आमच्याच गावचा आहे, त्यामुळे तिकीट काढून जाते.

तर्रीवाला

😐 खरंय. सवलत मिळते, पण अख्ख्या गाडीच्या साक्षीने.

येवला_पैठणी

मी इथे वाचनमात्र असते, आज लिहिते. माझ्या दिराचा मुलगा जन्मापासून पॉझिटिव्ह, आता चोवीसचा. सातपूरला कंपनीत आहे. त्याला निगेटिव्ह मुलगी आवडते, तिला सगळं माहीत आहे, ती तयार आहे. तिच्या घरी माहीत नाही. आम्ही त्याला पॉझिटिव्ह मुलामुलींच्या वधूवर मेळाव्याला जा म्हणत होतो. तो जात नाही. म्हणतो, काकू, माझा रिपोर्ट बघ, मी तिला काही देणार नाही. तुम्ही लोक काय म्हणाल?

शंकेखोर

मुलीच्या आईवडिलांना अंधारात ठेवून लग्न? मला पटत नाही. विज्ञान काहीही म्हणो.

कॉलेज_रोडचा_पोऱ्या

लग्न मुलीशी आहे की तिच्या वडिलांशी? मुलीला माहीत आहे, विषय संपला.

कलम_दहा

वकील आहे, औरंगाबाद खंडपीठात आणि नाशकात थोडंफार काम करतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात दोन बाजू आहेत. एका बाजूला त्याचं स्टेटस ही त्याची खासगी गोष्ट, त्याच्या लेखी माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि त्याला अपवाद मोजकेच. दुसऱ्या बाजूला पॉझिटिव्ह व्यक्तीवरही जबाबदारी आहे, दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घ्यायची. त्यात धोका कमी करण्याचे उपाय येतात आणि संबंधाआधी स्टेटस सांगणंही येतं. तुमच्या मुलाने मुलीला आधीच सांगितलंय, म्हणजे तिच्याबाबतीत तो सगळ्यात भक्कम जागी उभा आहे. सासऱ्याला सांगण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. सांगावं की नाही हा घरचा प्रश्न.

सातपूर-अंबडमध्ये काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

येवला_पैठणी

धन्यवाद वकीलसाहेब. मुलं झाली तर?

सलाइनची_बाटली

काकू, बाप पॉझिटिव्ह, त्याचा लोड दबलेला, आई निगेटिव्ह. आईला लागण नाही तर बाळाला कुठून होणार? नैसर्गिकरीत्या मूल होऊ शकतं. फक्त ठरवण्याआधी त्याचा ताजा रिपोर्ट हातात असू द्या आणि सेंटरच्या डॉक्टरांशी बोला.

आई पॉझिटिव्ह असेल तर गोष्ट थोडी वेगळी. औषध चालू असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग अगदी क्वचित होतो, पण स्तनपानाला वरचं ‘शून्य’ जसंच्या तसं लावू नका. तिथे धोका खूप कमी म्हणता येईल, शून्य नाही. म्हणून बाळाला जन्मानंतर औषध देतात आणि सहा आठवड्यांपासून तपासण्या करतात. इंजेक्शनच्या सुया वाटून वापरण्यालाही हे लागू नाही. धागा लैंगिक संबंधांपुरता आहे.

पूर्वाश्रमीची_ताई

निफाडच्या ताईंचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात होता. ‘कागद दाखव’ हे शिकवता येईल, पटलं. पण मग जोडीदारालाही सेंटरवर बोलवायला हवं, एकाच्या तोंडून दुसऱ्यापर्यंत निरोप गेला की तो अर्धा होतो. आणि अडचण अशी की कित्येकांनी घरी सांगितलेलंच नसतं. आमच्याकडे गोळ्यांची डबी बाहेर फेकून गोळ्या रुमालात बांधून नेणारे होते.

मूळ प्रश्नाबाबत एक. जुन्या पेशंटना हे कळलं नाही याचं आणखी एक कारण त्यांचे उपचार कधी सुरू झाले यात आहे. मोफत औषधं २००४ ला सुरू झाली. तेव्हा सगळा कारभार सीडी फोरवर. आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला तरच गोळ्या, नाहीतर ‘अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या’. सगळ्यांना लगेच औषध हे धोरण २०१७ चं, आणि व्हायरल लोडची तपासणी सर्रास व्हायला लागली त्याच सुमारास. जे नवीन येतात त्यांना सुरुवातीच्या समुपदेशनात नवीन गोष्टी ऐकायला मिळण्याची शक्यता असते. जुन्यांचं सुरुवातीचं समुपदेशन कधीच होऊन गेलं. ते स्थिर. स्थिर पेशंटला गोळ्या हातात देऊन ‘या’ म्हणतात.

गोदाकाठचा

ताई, हेच. मी ‘स्थिर’ होतो म्हणून माझ्याशी कुणी बोललं नाही. आता गोळ्या एकदम दोन-तीन महिन्यांच्या मिळतात, सोयीचं आहे, पण तेवढंच बोलणंही कमी झालं.

काल सेंटरवर गेलो आणि ठरवून विचारलं. समुपदेशक नवीन मुलगी आहे. म्हणाली, हो काका, बरोबर आहे, तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, भिंतीवर सगळे फलक आहेत, टीबीचा, कंडोमचा, १०९७ हेल्पलाइनचा, याचा मराठीत एक लावा की. म्हणाली वर विचारते.

घरी हा धागा बायकोला दाखवला. तिने डॉक्टरांचे प्रतिसाद चष्मा लावून दोनदा वाचले. आणि आता तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत: ‘तपासणी वर्षातून एकदा. मधल्या अकरा महिन्यांत काय झालं ते मला कसं कळणार?’ मला उत्तर देता आलं नाही.

शंकेखोर

वहिनींना माझा नमस्कार. पहिल्या पानापासून माझा हाच मुद्दा आहे, मला फक्त मांडता आला नव्हता.

सलाइनची_बाटली

वहिनींचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला.

आपल्याकडे पहिली तपासणी औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी, मग सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. मधल्या काळाची हमी रिपोर्ट देत नाही, गोळ्या देतात. रोज गोळी पोटात गेली तर दबलेला विषाणू आपोआप उसळत नाही. म्हणजे वहिनींना बघायचं असेल तर रिपोर्टपेक्षा डबीतल्या गोळ्या बघाव्यात. दर महिन्याला किती उरल्या. गोळ्या सुटल्या, लांबचं आजारपण झालं, उलट्या-जुलाब खूप दिवस चालले, किंवा दुसरं कुठलं औषध सुरू झालं, तर पुढच्या वर्षाची वाट न बघता डॉक्टरांना सांगून तपासणी मागायची. आकडा हजाराच्या वर आला तर तीन महिने गोळ्या नीट घेण्यावर जास्तीचं समुपदेशन करतात आणि पुन्हा तपासतात. तोवर कंडोम.

आणि कंडोम वापरून दोघांना निर्धास्त वाटत असेल तर वापरा की. कुणी बंदी घातलेली नाही.

गोदाकाठचा

दाखवलं. म्हणाली, गोळ्या मी मोजणार.

तर्रीवाला

काका, आता एक दिवसही चुकवायची सोय राहिली नाही. 😄

नवा_आयडी_७७

नमस्कार. मला कळून चार महिने झाले, गोळी चालू आहे, एकही चुकलेली नाही. सगळा धागा वाचला. माझी पहिली व्हायरल लोड अजून झालेली नाही. म्हणजे मी अजून त्यात धरायचं नाही, बरोबर?

सलाइनची_बाटली

बरोबर. विषाणू बहुधा बराच खाली आलेला असेल, पण कागद येईपर्यंत धरायचं नाही. सहा महिने भरले की स्वतःहून आठवण करून द्या, गर्दीत राहून जातं. रिपोर्ट आला की फक्त ‘चांगला आहे’ एवढ्यावर उठू नका, आकडा विचारा आणि पुस्तकात लिहून घ्या.

निफाडची_लेक

आणि नवीन भाऊ, घरी कुणाला सांगितलंय का? नसेल तर आमचा गट दर महिन्याला बसतो, पुरुषही येतात. व्यक्तिगत निरोप करा, जागा कळवते.